फाटकाचा खांब

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावकडच्या आमच्या वस्तीवर हिरवं म्हणावं असं एकच होतं, विहिरीजवळ गाईसाठी पेरलेलं वाफाभर कडवळ. गाय गाभण होती. गावाची गुरं मोकाट सुटली होती आणि नेमका तेव्हाच कुंपणाच्या फाटकाचा बाभळीचा खांब बुडातून मोडला. आमचे मालक खडी फोडायच्या दुष्काळी कामावर, ते बाजाराच्या दिवशीच घरी यायचे. तोवर कडवळाचं एक ताट शिल्लक राहिलं असतं तर शपथ.

नवा खांब होता, पडलेल्या कडुनिंबाचा. अडचण होती सासऱ्यांची. विहिरीच्या कामातून उरलेल्या सिमेंटात त्यांनी तो जुना खांब स्वतः रोवला होता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

"शिमिटाला हात लावायचा न्हाई," ते ओट्यावरून म्हणाले. "पोरगा आल्यावर बघंल."

"गुरं थांबायची न्हाईत, मामा."

पदर खोचला आणि पहार उचलली. माझा स्वभावच तसा, नको म्हटलं की अंगात येतं. सिमेंटचा गोळा चहूबाजूंनी उकरता उकरता ऊन डोक्यावर आलं, हातांना फोड आले. सासरे तोंड फिरवून बसले. शेवटी पहारीखाली दगड देऊन गोळा उलथवला आणि घणानं फोडला.

आतलं बूड काळं, भिजल्या भाकरीसारखं. इतक्या कोरड्या सालात तिथं ओल! कारण लगेच कळलं. सासरे रोज अंघोळ झाली की फाटकात उभे राहून सूर्याला पाणी देत. ते खांबाच्या बुडाशी पडायचं. सिमेंट खालूनही ओतलेलं, मग पाणी जिरणार कुठं? पण हे त्यांना सांगायचं कसं? मी फुटके तुकडे बाजूला सारू लागले.

ते मात्र उठून आले. कुजकं लाकूड बोटांनी चुरलं.

"म्हंजी मीच कुजिवला," म्हणाले, आणि नव्या खांबाचं बूड चुलीत धरून काळं करायला घेतलं. बूड असं जाळलं की लवकर कुजत नाही. तळाशी खडे टाकले, त्यांनी खांब सरळ धरला, मी दगड आणि मुरूम ठेचून भरला. दिवस कलता कलता फाटक लागलं.

थोड्याच वेळात गुरं आली. सगळ्यांत पुढं शेजारणीची पांढरी गाय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तिनं कपाळ लावून फाटक रेटलं, पुन्हा रेटलं. खांब तसूभर हलला नाही. मग ती नुसती उभी राहिली, कडवळाकडं बघत.

मला फार वाईट वाटलं. सासरे म्हणाले, "आत जा, बघू नगंस." मी गेले नाही. काठी धरून तिथंच उभी राहिले आणि तिला एक पेंढीही टाकली नाही.

आमच्या गाईला कालवड झाली, ती जगली. पांढऱ्या गाईचं काय झालं, ते शेजारणीला मी कधी विचारलं नाही.