पाइपात लावलेला अक्रोड

आखातातल्या या बेटावर, माहूज भागातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सहसा कोणी जात नाही. तिथे पाण्याच्या टाक्या आहेत, डिश अँटेना आहेत आणि आधीच्या कुणा भाडेकरूने सोडून दिलेल्या दोन कुंड्या. नोव्हेंबरात मी सतरंजी वाळत घालायला वर गेले, तेव्हा एक म्हाताऱ्या बाई त्यातल्या एका कुंडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. चिमूटभर माती बोटांत चोळून त्यांनी नाकाशी नेली आणि परत टाकून दिली.

"हिला वासच नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. जणू आमची जुनी ओळख होती.

"माती नाहीच ती, आंटी. वाळू आहे, खारट."

त्या काश्मीरच्या. नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलं होतं. मुलगा डेंटिस्ट, सून त्याच्याच क्लिनिकमध्ये. दोघं सकाळी जात ते दिवे लागल्यावर परत. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये आंटी दिवसभर एकट्या असत. माझंही वेगळं नव्हतं. नवरा समुद्रावरच्या पुलाच्या, कॉजवेच्या पलीकडे सौदीत साइटवर, गुरुवारी संध्याकाळी यायचा. मुलगा शिकायला कॅनडात. मी मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत "ऑल गुड" म्हणायचं, एवढंच आमचं बोलणं.

घरामागे चढ आहे, चढावर अक्रोडाची झाडं आणि त्याच्या वर जंगल, असं त्या सांगत होत्या. माती मैद्यासारखी. एक खडा सापडायचा नाही.

"मला ठाऊक आहे ती माती," मी म्हणाले.

खरंच ठाऊक होती. मृदाशास्त्राच्या एम.एस्सी.ला आम्हाला काश्मीरच्याच डोंगराळ पठारावर मातीचे नमुने घ्यायला नेलं होतं. झाडांखाली पुरुषभर खोल खड्डा खणला होता आणि आत उतरायची पाळी माझी होती. वर कुजलेल्या पानांचा काळा, ओलसर थर. थंडीमुळे पानं तिथे सावकाश कुजतात. त्याखाली फिकट पिवळट तपकिरी माती, खालपर्यंत सलग. खड्ड्याच्या भिंती कुदळीने कापल्या तशा उभ्याच्या उभ्या राहिल्या होत्या. आदल्या रात्री पाऊस पडूनही तळाशी पाणी साचलं नव्हतं, सगळं मुरून गेलं होतं. मुळं मात्र माझ्या पायांच्याही खाली गेलेली. सरांनी सांगितलं, हिला लोएस म्हणतात. फार पूर्वी वाऱ्याने धूळ आणून टाकली, गवताने आणि झाडांनी ती धरून ठेवली, तिची ही जमीन झाली. मी भिजवलेला गोळा तळव्यावर वळून बघितला. रेशमासारखा लागला, पण त्याची लांब वळी होईना, मोडत होती.

हे सगळं मी आंटींना सांगत सुटले. किती वर्षांनी मातीबद्दल कुणाशी बोलत होते, कोण जाणे.

"एवढं शिकलीस. मग इथे काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"मुलगा वाढवला."

"हं," त्या म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही, हे मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी त्या गावाहून आणलेले कवचासकट अक्रोड घेऊन खाली आल्या. "यातला एखादा रुजेल का?"

अक्रोडाला रुजण्याआधी थंडी लागते. एका डब्यात ओल्या वाळूत ते पुरून तो डबा मी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. नवऱ्याने गुरुवारी फ्रिज उघडला. "ही वाळू कसली?" मी सांगितलं. तो हसला, दही काढून घेतलं, आणि रविवारी पहाटे परत गेला.

थंडीचे दिवस आम्ही मातीची तयारी करण्यात घालवले. कुंडी चालणार नव्हती. अक्रोडाचं सोटमूळ सरळ खाली जातं, त्याला खोली हवी. इथे हातभर खणलं की खडक लागतो किंवा खारं पाणी. म्हणून ईसा टाउनच्या बाजारातून प्लंबिंगचा जाड पाइप कापून आणला, माझ्या खांद्याला लागेल एवढा. बाल्कनीच्या कोपऱ्यात तो उभा केला, बुडाला जाळी बांधली. बारीक माती कुठून आणायची, हा प्रश्न होता. मग एके दिवशी धुळीचं वादळ आलं आणि दुसऱ्या सकाळी बाल्कनीत पिठासारखा थर पडला. मी तो बोटांत चोळला. कण तेवढाच बारीक. वाऱ्यानेच आणलेली, पण हिला धरून ठेवायला इथे ना गवत होतं, ना जंगल. आंटींनी आपल्या बाल्कनीतली, गच्चीवरची धूळ सुपलीत भरून आणली. मीठ जावं म्हणून आम्ही ती बादलीत पुन्हा पुन्हा धुतली, वाळवली, नर्सरीतलं पालापाचोळ्याचं खत मिसळलं.

"आमच्याकडे हे काम बर्फ करतो," त्या म्हणाल्या आणि पाठ धरून उठल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी एका अक्रोडाला पांढरा कोंब दिसला आणि तो आम्ही पाइपात लावला. मार्चअखेरीस पाइपाच्या तोंडाशी पानं उलगडली, तांबूस, चिकट. आंटी रोज चारला येत. मी चहा करी, त्या मीठ घातलेला मागत. पान चुरडून वास घेत. कधी तासभर आम्ही एक शब्दही बोलत नसू. एवढं सोबतीचं गप्प बसणं मला या देशात दुसऱ्या कुणाबरोबर जमलं नाही.

जूनमध्ये त्या उन्हाळ्यापुरत्या मुलीकडे, गावाला गेल्या. "सप्टेंबरला येते, इंशाल्ला. तोवर याला सांभाळ."

मी पाइप आत, हॉलच्या खिडकीशी घेतला. बाहेर ठेवणं शक्यच नव्हतं. एसीत गारवा होता, पण हवा कोरडी आणि उजेड कमी. जुलैत पानांच्या कडा करपल्या. मी ओल तपासत राहिले, पडद्याआडून ऊन देत राहिले. ऑगस्टमध्ये शेवटचं पान गळलं. त्याच आठवड्यात आंटींचा मुलगा लिफ्टमध्ये भेटला. आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, असं त्याने सांगितलं. "आता ती तिथेच राहील. आम्हीही उम्म अल हस्समला जातोय, क्लिनिकजवळ."

खोड वाळलं आहे याची खात्री झाल्यावर मी करवतीने पाइप उभा चिरला. माती सांडली नाही, पाइपाच्या आकारात तशीच उभी राहिली. मधोमध सोटमूळ, बोटाएवढं जाड, सरळ जाळीपर्यंत गेलेलं. तिथे ते वळलं होतं आणि जाळीवर गोल गोल फिरलं होतं. मी जमिनीवर बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

आंटींना फोन लावला. मुलीने कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. चेहरा फार लहान झाला होता.

"आंटी, झाड गेलं."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "तू जेवलीस का?"

"जेवले."

"एकटी?"

"एकटीच."

त्या काहीतरी काश्मिरीत म्हणाल्या. मुलगी म्हणाली, आता औषध देते, झोप येईल त्यांना. मी फोन ठेवला.

नंतर दोन-तीनदा बोलणं झालं. प्रत्येक वेळी त्या कमी बोलल्या. शेवटच्या वेळी मी कोण, हे मुलीने त्यांना समजावून सांगितलं. वरच्या फ्लॅटमध्ये आता एक नवं जोडपं राहतं. दोघंही शिफ्टला जातात. दिवसभर वरून पावलांचा आवाज येत नाही. चार वाजले की मी चहा ठेवते, साखरेचा, एक कप.