प्रबंधात न आलेला दादा

वैनगंगेच्या काठावर दादाने माझी पत्र्याची पेटी डोक्यावरून उतरवून डोंग्यात ठेवली आणि म्हणाला, "तू शिकून घे. धानाचं मी पायतो." आई-बाबा गेल्यापासून दादा आणि वहिनीनेच मला वाढवलं होतं. आमचं गाव गडचिरोलीच्या पलीकडे, रानात. नदी ओलांडली की मोटारीने चांदा, पुढे रेल्वे. मी पुण्याला उपयोजित अर्थशास्त्रात डॉक्टरेट करायला निघालो होतो. डोंगा सुटला तरी वहिनी काठावरून हलली नाही.

पुण्यात मी माझं 'मले-तुले' लवकरच गिळून टाकलं. वसतिगृहातली मुलं हसायची नाहीत, फक्त "काय म्हणालात?" असं विचारायची. तेच जास्त लागायचं. विषय मात्र घरचाच घेतला: कागद गिरणीसाठी बांबू तोडणाऱ्यांची मजुरी. धान निघालं की दादाही बांबू तोडायला जायचा. सुटीत मी रानात मजुरांना प्रश्न विचारायला बसलो की तो त्यांना सांगायचा, "भिऊ नोका. आपलाच भाऊ हाय, सायेब नाई."

दुसऱ्या उन्हाळ्यात तार आली. बांबूंनी भरलेला ट्रक उतारावर उलटला होता. मजूर त्या बांबूंवर बसूनच घरी यायचे. मी पोचलो तोवर दादाचं दहन होऊन गेलं होतं. "मानसं आपल्या मनानं चढली," एवढं सांगून ठेकेदाराचा मुकादम निघून गेला होता.

पुण्याला परतल्यावर मी त्या अपघातावर एक प्रकरण लिहिलं. माझे मार्गदर्शक भले गृहस्थ. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "दुःख खरं आहे हो. पण एका घटनेवरून निष्कर्ष निघत नाही. हे काढावं लागेल."

शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं. मी ते प्रकरण काढलं. पदवी मिळाली.

प्रबंध घेऊन गावी गेलो, तेव्हा वहिनी अंगणात मोहफुलं वाळवत होती. तिला वाचता येत नव्हतं. पदराला हात पुसून तिने तो जाडजूड प्रबंध मांडीवर घेतला.

"यात त्याइचं नाव हाय का, भाऊजी?"

"नाई, वहिनी."

"मंग कोनाचं हाय?"

"कोनाचंच नाई. नावं नसतात यात."

तिने तो मला परत दिला आणि फुलं उलटीपालटी करू लागली. माझ्यासोबत पुण्याला चल म्हटलं, तर खाली बघतच म्हणाली, "त्याइले इथी जाळलं. मी कुठी येऊ?"

ती आली नाही. तीन-चार पावसाळे एकटीने काढले आणि तापात गेली. तेव्हाही मी उशिराच पोचलो.

तुम्ही गावकरी, जे तिथेच राहिलात, भेटलात की विचारता, "काऊन येत नाई गावाले?" माझ्यासारखे निघून आलेले हे कधी विचारत नाहीत. पुण्यात माझी नोकरी आहे, बायको-मुलं आहेत, सुखाचं बिऱ्हाड आहे. कुणी गाव विचारलं की मी नुसतं चांदा म्हणतो. गावाचं नाव घेतलं, तर तिथे कोण कोण असतं, हा पुढचा प्रश्न येतो.