वेशीपासून पायरीपर्यंत

वडिलांच्या नावानं आई नवस बोलली होती, आणि ही गोष्ट वडिलांना दीड वर्षानं कळली.

नवस असा होता की वडिलांची भंडाऱ्याला झालेली बदली रद्द झाली, तर ते देवीच्या गावी वेशीपासून देवळाच्या पायरीपर्यंत दंडवत घालत येतील. म्हणजे रस्त्यावर पालथं पडायचं, हात पुढं ताणायचे, हात पोचले तिथं रेघ मारायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं आणि परत पालथं पडायचं. बदली रद्द झाली. आई गप्प बसली. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि काळी टोपी घातल्याशिवाय दारात दूध घ्यायलाही जात नसत. त्यांना हे कसं सांगायचं, याचा तिला दीड वर्ष विचार करावा लागला.

त्या दीड वर्षात आमच्या घरात तीन गोष्टी घडल्या. आडावरचा रहाट मोडला, आईला कावीळ झाली आणि मी पी.यू.सी.ला गणितात नापास झाले. आईच्या मते तिन्हींचं कारण एकच होतं. माझ्या नापास होण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते देवीवर जात असेल तर माझी हरकत नव्हती.

एका रविवारी जेवणं झाल्यावर आईनं वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ते एखादा अर्ज ऐकून घ्यावा तसं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बदली माझ्या दरखास्तीनं रद्द झाली."

हे खरं होतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तसा कचेरीचा कारभार उर्दूतून इंग्रजीत गेला आणि महाराष्ट्र झाल्यावर मराठीत आला. पण जमिनींच्या जुन्या मिसली, म्हणजे फायली, उर्दूतच राहिल्या. त्या घसटी अक्षरात लिहिलेल्या असत आणि ते अक्षर वाचता येणारा माणूस कचेरीत वडिलांशिवाय उरला नव्हता. वडिलांनी अर्जात एवढंच लिहिलं होतं की माझ्या जाण्यानं या मिसली मुक्या होतील. वरून हुकूम आला, बदली रद्द.

"हुकमात कारण दिलंय," वडील म्हणाले. "देवीचा उल्लेख नाही."

"साहेबाला बुद्धी कुणी दिली?" आई म्हणाली.

याचा उल्लेखही हुकमात नव्हता. वडील उठले आणि हात धुवायला गेले. पुढचे दोन आठवडे आईनं स्वतःचं जेवण अर्ध्यावर आणलं. मग वडिलांनी स्वतःच सांगितलं की गावी जाऊ, तिथल्या गुरवाला विचारू, आणि या नवसातून रीतसर काय मार्ग निघतो ते बघू. त्यांचा असा समज होता की कुठल्याही हुकमाला एखादी पळवाट असते आणि ती नीट विचारलं तर सांगतात.

आम्ही पैठण रस्त्याच्या एस.टी.त बसलो. चितेगाव मागं टाकलं आणि पुढं एका फाट्यावर उतरलो. तिथून गाव कोसभर आत. वाट ज्वारीच्या रानातून जात होती, कणसं भरत आली होती. वडिलांनी शेरवानी घातली होती, निजामाच्या काळात कचेरीत घालायचे ती. तेरा-चौदा वर्षांनी ती अजून अंगाला येत होती याचा त्यांना अभिमान होता. आईच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत नारळ, खण आणि वडिलांसाठी जुनं धोतर. धोतर मी पाहिलं. वडिलांनी पाहिलं नव्हतं.

गाव लहान होतं. चैत्रातल्या यात्रेला तिथं मुंगी शिरायला जागा नसते, आणि एरवी कुत्री रस्त्यात मधोमध झोपलेली असतात. वेशीला दगडी कमान होती. कमानीतून सरळ रस्ता देवळाकडं जायचा. दोन्ही बाजूला नारळ-कुंकवाची चार दुकानं, एक बांगड्यांचं, एक किराण्याचं, मग घरं, आणि शेवटी काळ्या दगडाचं देऊळ. वडिलांनी कमानीत उभं राहून रस्त्याकडं बराच वेळ पाहिलं. मग खालच्या धुळीकडं पाहिलं.

गुरव देवळाच्या ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. साठीचा, किडकिडीत, कुणी काही विचारलं की आधी सुपारी पुरी कातरणारा.

"मंगळवारी यायचं व्हतं," तो म्हणाला.

"मंगळवारी कचेरी असते," वडील म्हणाले, आणि त्यांनी प्रकरण मांडलं.

"नवस बोललं कोण?"

"माझी बायको."

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या."

"तुमाला ठावं व्हतं?"

"नाही. तेच सांगतोय. दुसऱ्याच्या वतीनं काही कबूल करायचं तर मुखत्यारपत्र लागतं. तसं मी दिलेलं नाही."

गुरवानं सुपारी कातरली. "ते हितं लागत नाय," तो म्हणाला.

वडिलांनी मग पर्याय सुचवले. अभिषेक करतो. पाच सवाष्णी जेवू घालतो. देवीला साडी नेसवतो. गुरव प्रत्येकाला मान हलवत होता. "करा की. समदं करा. पर ते वरून. दंडवत ते दंडवत."

"म्हणजे काहीच सवलत नाही?"

गुरवानं विचार केला. "एक हाय. ज्यानं बोललं त्यानं फिरवावं. बाईंनी आत जाऊन म्हणावं, आई, नाय जमत, पदरात घे. मंग देवी बघंल."

वडिलांचा चेहरा उजळला. त्यांना हवी होती ती पळवाट हीच. ते आईकडं वळले. आई खांबाला टेकून बसली होती.

"जा," वडील म्हणाले. "एवढं म्हणून ये."

"मी नाही म्हणणार," आई म्हणाली.

मी आईला वडिलांना नाही म्हणताना तोवर पाहिलं नव्हतं. वडिलांनीही पाहिलं नसावं, कारण ते नुसते उभे राहिले.

"का?" त्यांनी विचारलं.

आई गुरवाकडं बघून बोलली, वडिलांकडं नाही. ती म्हणाली, "पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षी, लुटालुटीच्या धामधुमीत, यांनी मला आणि या पोरीला बुलढाण्याकडं यांच्या मावसभावाच्या घरी ठेवलं. स्वतः नोकरीसाठी औरंगाबादला राहिले. तेरा महिने मी तिथं होते. पोरीला दूध तापवून द्यायचं तर मला विचारावं लागायचं, चूल मोकळी आहे का. मी रोज विचारायचे. ते लोक वाईट नव्हते. पण रोज विचारावं लागायचं. भंडाऱ्याचा हुकूम आला तेव्हा हे म्हणाले, आधी मी एकटा जातो, घराचं बघतो, तुम्ही तोवर मावसभावाकडं राहा. त्याच रात्री मी नवस बोलले."

वडील हळूच म्हणाले, "मला वाटत होतं तुम्ही तिथं सुखरूप होतात."

"सुखरूपच होतो," आई म्हणाली.

गुरवानं अडकित्ता बाजूला ठेवला. मी त्या वेळी चार वर्षांची होते. मला त्या घरातलं एक शेवग्याचं झाड आठवतं आणि आणखी काही नाही.

वडिलांनी शेरवानीची बटणं काढायला सुरुवात केली. ती खूप होती, त्यामुळं वेळ लागला. शेरवानी त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली, वर टोपी ठेवली, टोपीत चष्मा ठेवला. मग आईला विचारलं, "जुनं धोतर आणलंय का?" आईनं पिशवीतून काढून दिलं.

वेशीच्या कमानीबाहेर लिंबाखाली एक म्हातारा धनगर बसला होता. भोवती त्याची पन्नासेक मेंढरं विसावली होती. वडील सदरा-धोतरावर, अनवाणी, कमानीत येऊन उभे राहिले आणि पुढं काय करायचं ते त्यांना कळेना. म्हातारा बघत होता. तो उठून आला.

"दगूड घ्या हातात," तो म्हणाला. "पालथं पडलं की हात पोचंल तिथं रेघ वढायची. रेघंवर पाय. पुढं नाय, मागं नाय."

हे वडिलांना पटलं. त्यात मोजमाप होतं. त्यांनी दगड घेतला, देवळाकडं हात जोडले आणि औरंगाबाद शहरातल्या एका कचेरीचे हेडक्लार्क रस्त्यावर पालथे पडले.

पहिले चार-पाच दंडवत त्यांना नीट जमले नाहीत. मग लय सापडली. एकदा त्यांना वाटलं की पाय रेघेच्या पुढं पडला. कुणी पाहिलं नव्हतं, तरी ते मागच्या रेघेवर गेले आणि तो दंडवत पुन्हा घातला. दुकानदार बाहेर आले. बांगड्यांच्या दुकानातल्या बाईनं पुढच्या रस्त्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. तिनं शिंपडलं आणि धुळीचा चिखल झाला, पण तिचा हेतू चांगला होता.

आई त्यांच्या बाजूनं चालत होती, मी मागं. म्हातारा धनगर वडिलांना सोबत म्हणून निघाला आणि त्याच्यामागं मेंढरं निघाली, कारण त्यांना दुसरं काही सांगितलेलं नव्हतं.

नवव्या की दहाव्या दंडवताला वडील उभे राहिले, पण लगेच पडले नाहीत. धापा टाकत त्यांनी आईला विचारलं, "माझी पत्रं यायची नाहीत का तिथं?"

"दोन आली," आई म्हणाली.

"मी अकरा लिहिली होती."

वडील पालथे पडले, रेघ मारली, उठले.

"दोन्हीत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"एकात, तब्येत बरी आहे. दुसऱ्यातही तेच."

वडील पुन्हा पालथे पडले. उठले तेव्हा कपाळाला माती लागली होती. ती पुसायला आईनं पदर पुढं केला, तर त्यांनी मान मागं घेतली नाही. चारचौघांत ते असं होऊ देत नसत.

"तुम्ही काय खायचात?" या वेळी आईनं विचारलं.

"भाकरी."

"कोण करायचं?"

"मीच."

"तुम्हाला येते?"

"नाही," वडील म्हणाले, आणि पडले.

असं चाललं. एक उठणं, एक प्रश्न, एक उत्तर, परत आडवं. वडिलांनी सांगितलं की ते रात्री घराला बाहेरून कुलूप लावून मागच्या खिडकीनं आत शिरत, म्हणजे घर रिकामं वाटावं. आईनं सांगितलं की तिनं पोलीस ॲक्शनची बातमी विहिरीवर ऐकली आणि घागर तिथंच विसरून आली. वडिलांनी विचारलं की मग घागर मिळाली का. आई म्हणाली, मिळाली. हे सगळं तेरा-चौदा वर्षांपूर्वीचं होतं आणि तेव्हापासून दोघं एकाच घरात राहत होते. मी शेरवानी धरून चालत होते आणि माझ्या पायात मेंढरं येत होती.

निम्म्या वाटेवर वडील बसले. दोन्ही कोपरं सोलली होती. म्हाताऱ्यानं आपली घोंगडी खाली टाकली, त्यांना तिच्यावर बसवलं आणि विचारलं, "कशापायी बोलले व्हते, सायब?"

"बदली रद्द झाली म्हणून."

"कुठं न्यायलते?"

"भंडाऱ्याला."

"लई लांब हाय का?"

"लांब आहे."

म्हाताऱ्यानं मेंढरांकडं पाहिलं. "आमची तर दरसाल असती बदली," तो म्हणाला. "दिवाळी झाली की निघायचं. पोरंबाळं, कोंबड्या, समदं घेऊन."

"सगळं घेऊन?" वडिलांनी विचारलं.

"मंग? ठिवायचं कुणाकडं?"

वडील उठले, रेघ शोधली आणि तिच्यावर उभे राहिले.

उरलेल्या वाटेवर ते कमी बोलले. दम पुरत नव्हता. देवळाच्या पायरीला कपाळ टेकलं तेव्हा ते तसेच पडून राहिले, इतका वेळ की आई घाबरली आणि तिनं खांद्याला हात लावला. ते म्हणाले, "उठतोय." गुरव कुंकवाचं ताट घेऊन उभा होता. त्यानं वडिलांच्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला, एक वाटी आईला दिली आणि दुसरी ठेवून घेतली.

"झालं?" वडिलांनी विचारलं.

"झालं," गुरव म्हणाला.

देवळामागच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसवून आईनं त्यांची कोपरं धुतली. गुरवाच्या घरून हळद आली, ती भरली. सदऱ्याच्या बाह्या फाटल्या होत्या, म्हणून परतीच्या वाटेवर वडिलांनी पुन्हा शेरवानी चढवली आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. एस.टी.त कंडक्टरनं त्यांना पुढची जागा दिली. ते आणि आई शेजारी बसले, मी मागं. फाट्यापासून शहरापर्यंत आई बोलत होती. मला इंजिनच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, वडिलांची मान तेवढी मधूनमधून हलताना दिसत होती.

सोमवारी ते कचेरीत गेले. कुणीतरी कोपरांचं विचारलं. पडलो, असं त्यांनी सांगितलं. यात खोटं काही नव्हतं.

दोन वर्षांनी परभणीला बदली झाली. वडिलांनी अर्ज लिहायला घेतला होता, तो आईनं मागून घेतला आणि वाचून परत दिला. "हे कशाला?" ती म्हणाली. "मला परभणी चालेल. सगळे एकदमच जाऊ." वडिलांनी अर्ज फाडला. आम्ही तिघं, सामानासकट, एकाच गाडीनं गेलो. परभणीचं घर बरं होतं. पाणी जरा लांबून आणावं लागायचं.