सात हजार दोनशे

सावळीरामच्या डाव्या हाताच्या अनामिकेला सुईच्या इतक्या खुणा होत्या की बोटाचं ते टोक घट्ट्यासारखं टणक झालं होतं. घट्टे त्याच्या बायकोच्याही हाताला होते, पण ते खुरप्याचे. मखमलाबादला घरचं सव्वा एकर होतं. नवसाबाई आणि सावळीरामचा धाकटा भाऊ सोमा तिथे मेथी, कोथिंबीर लावत, दसऱ्याच्या बेताने झेंडू काढत आणि पहाटे पंचवटीच्या बाजारात नेत. सावळीराम मात्र एकोणऐंशी सालापासून रोज सायकलवर गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात जायचा. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो अटेंडंट होता. पोरं त्याला मामा म्हणत. कॉलेजातल्या शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. नातं फुकटात लागतं आणि कामंही फुकटात करून घेता येतात.

बोटाची गोष्ट शहाऐंशी सालची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रक्ताचं प्रॅक्टिकल असे. प्रत्येकाने स्वतःच्या बोटाला सुई टोचून थेंब काढायचा, तो काचेवर पसरायचा, रंगवायचा, पेशी मोजायच्या. त्या वर्षी एक मुलगी सुई पाहूनच स्टुलावरून कोसळली आणि तिच्या कपाळाला तीन टाके पडले. विभागप्रमुख भामरे सरांच्या तोंडचं पाणी पळालं. आता पालक येऊन भांडणार, प्रिन्सिपॉल बोलावणार. सावळीरामने हात पुढे केला.

"माझं घ्या सर. आम्हाला काय, काट्यांची सवय हाय."

त्या दिवसापासून दर ऑगस्टला अख्ख्या वर्गाला सावळीरामचंच रक्त. सरांनी एकदा आभार मानले, मग ती पद्धतच झाली. चांगुलपणाचं हे असंच असतं, दुसऱ्यांदा केला की तो नेमून दिलेल्या कामात जमा होतो.

पण सावळीरामला त्याचा अभिमान होता. "माझं रगत बघून तीन डॉक्टर झाले," असं तो भाजी घ्यायला आलेल्या बायकांनाही सांगायचा. सातवी पास माणूस, पण वर्षानुवर्षं तेच ते ऐकून पेशीचा सगळा कारभार त्याला तोंडपाठ झाला होता. एका रात्री जेवताना त्याने नवसाबाईला सांगितलं, की प्रत्येक पेशीत मधोमध एक केंद्रक असतं, सगळे हुकूम तिथून सुटतात. फक्त माणसाच्या लाल पेशीला ते नसतं. सगळी जागा हिमोग्लोबिनने भरलेली, त्याने प्राणवायू वाहायचा आणि एकशेवीस दिवसांत मरायचं.

"म्हणजे डोकं नाय, नुसतं ओझं," नवसाबाई म्हणाली.

"हां. आमच्यासारखी."

तिने हसून त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तेव्हा तो तीन भाकऱ्या खायचा.

आता एका कपाटाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडतं. प्रयोगशाळेच्या मागे काचसामानाची खोली होती. तिथल्या कपाटाच्या दाराला आतून सावळीरामने ऑइल पेंटने तीन ओळी लिहिल्या होत्या. हिमोग्लोबिन चौदा. लाल पेशी अठ्ठेचाळीस लाख. पांढऱ्या पेशी सात हजार दोनशे. पहिल्या वर्षी कुणीतरी खरंच मोजून काढलेले हे आकडे होते. पुढच्या पोरांचे आकडे चुकले की सर जर्नलवर सही देत नसत, पुन्हा प्रॅक्टिकल करायला लावत, आणि सगळी काचभांडी पुन्हा सावळीरामलाच धुवावी लागत. म्हणून ज्याचं जमत नसे त्याला तो खोलीत बोलावून कपाट उघडून दाखवायचा. "थोडं वर-खाली करून लिहा, सगळ्यांनी एकच लिहू नका," एवढी सावधगिरीची सूचनाही द्यायचा. दोन-तीन वर्षांत पोरांनी मोजणंच सोडलं. माणूस तोच, रक्त तेच, मग मोजायचं कशाला?

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये प्रतिभा नावाची मुलगी त्या वर्गात होती. कळवणकडची, होस्टेलवर राहणारी, अंगाने काटकुळी आणि स्वभावाने चिवट. बाकीच्यांनी साडेबारालाच जर्नलं मिटली होती. ही आपली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेका चौकोनातले ठिपके मोजत बसलेली. चौसष्ट चौकोन तिने दोनदा मोजले.

"मामा, माझ्या पांढऱ्या पेशी तेराशे अडुसष्ट भरल्या. पन्नासने गुणलं तर अडुसष्ट हजार चारशे होतात."

सावळीराम हसला. "फ्लुइड शिळं झालं असंल. ते लाल पेशी फोडतं ना, त्या फुटल्याच नसतील. त्याच मोजल्यास तू."

"पण या सगळ्यांना केंद्रक दिसतंय. लाल पेशीला केंद्रक नसतं ना, मामा?"

हे तिला त्यानेच सकाळी सांगितलं होतं. त्याने सूक्ष्मदर्शकात वाकून पाहिलं. चौकोनाचौकोनात जांभळे ठिपके दाटीवाटीने बसले होते, वाफ्यात बी जास्त पडल्यावर रोपं उगवावीत तसे. क्षणभर त्यालाही नवल वाटलं. पण घड्याळात एकला पाच कमी होते, सर हातात पेन घेऊन शेवटच्या टेबलापर्यंत आले होते आणि दोनला दुसरी बॅच होती.

"पोरी, सात हजार दोनशे लिही. नाहीतर सही राहील तुझी."

तिने पेन्सिलचा आकडा खोडला आणि शाईने सात हजार दोनशे लिहिलं. सरांनी लाल शाईने बरोबरची खूण केली. सावळीरामने काच धुवून पुसून डब्यात ठेवली.

पुढची दोन वर्षंही बोट पुढे आलं, थेंब निघाले, काचा रंगल्या. एकदा सरांनी कुणाच्या तरी स्लाईडवर नजर टाकली आणि रंग नीट धुतला नाही, डाग पडलेत, म्हणून त्या पोराला झापलं. डाग नव्हते ते. पण डोळ्यांपुढे असलेलं दिसायला आधी तिथे काही असू शकतं असं वाटावं लागतं, आणि सरांचं सगळं बघून झालेलं होतं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर सावळीरामला मखमलाबादचा चढ सायकलवरून जमेना. तो उतरून चालू लागला. उन्हाळ्यापर्यंत डाव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, अर्ध्या भाकरीत पोट भरायला लागलं. नवसाबाईने ओवा दिला, हिंग लावलं, त्र्यंबकेश्वरला नारळ बोलली. गावातल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, पानथरी म्हणजे प्लीहा वाढलीय म्हणाला आणि रक्त तपासायला शहरात पाठवलं.

लॅब सीबीएस बसस्थानकाजवळ होती. आतून पांढरा कोट घालून प्रतिभा बाहेर आली. बी.एस्सी. करून तिने रक्त तपासणीचा कोर्स केला होता. "मामा, तुम्ही?" म्हणत तिने चहा मागवला. त्याने सवयीने डावी अनामिका पुढे केली.

"हाताच्या शिरेतून घ्यायचंय, मामा," ती म्हणाली.

अर्ध्या तासात रिपोर्ट मिळेल असं सांगून ती आत गेली ती दीड तास आलीच नाही. आली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"पांढऱ्या पेशी तीनदा मोजल्या. दोन लाख चाळीस हजार येतायत."

"फ्लुइड बघ बरं," सावळीराम म्हणाला. "शिळं असंल."

"नवीन आहे, मामा. काल उघडलंय."

दोघांनाही एकाच वेळी आठवलं. ती कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती आणि तो तिला म्हणत होता, की तू कशाला रडतीस, तू तर मोजलं होतंस.

मोठ्या डॉक्टरांनी हाडातला मगज काढून तपासायला लावला. मग सोमा आणि नवसाबाईला समोर बसवून सांगितलं, की हा रक्ताचा कॅन्सर आहे. केंद्रकातल्या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदल झालेत, त्यातून एक भलतंच प्रथिन तयार होतं, आणि ते पांढऱ्या पेशींना वाढत राहा म्हणून हुकूम देत सुटतं. सावळीरामला सगळं समजलं. गुणसूत्रांचा तक्ता प्रयोगशाळेत त्यानेच खिळे ठोकून लावला होता. त्या खोलीत ते समजणारा डॉक्टरांशिवाय तो एकटाच होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सोमाने शर्टाची बाही वर केली. "भावाचा मगज चालतो म्हणत्यात. माझं घ्या."

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, की आजार संथ होता तेव्हा कळलं असतं तर मुंबईला पाठवून तसा प्रयत्न करता आला असता. तीन वर्षांपूर्वी, दोन वर्षांपूर्वीसुद्धा. आता तो पुढच्या टप्प्यात गेलाय. गोळ्या देतो, त्या काही महिने आकडा खाली ठेवतील.

सोमाने बाही खाली केली आणि बटण लावत राहिला. ते काही लागेना.

घरी आल्यावर सावळीरामने बायकोला प्रतिभाची गोष्ट सांगितली. लपवून ठेवायचं आता काय उरलं होतं? नवसाबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिने सुतळीची गाठ मारली.

"पोरगी सांगत होती, तर ऐकलं का नाय?"

"सरांची सही राह्यली असती."

"मंग मिळाली ना सही," ती म्हणाली आणि दुसरी जुडी घेतली. ती रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ऑगस्ट आला. सावळीरामच्या जागी गोटीराम नावाचा माणूस हंगामी लागला होता. चाळिशीचा, पेठकडचा, घरी चार मुलं. रक्ताच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सोमाच्या स्कूटरवर मागे बसून सावळीराम कॉलेजात गेला. हातात चाकू होता. कोणाशी न बोलता तो मागच्या खोलीत गेला, कपाट उघडलं आणि तीन ओळी खरवडून काढल्या. बैल गेल्यावर झोपा करण्यातला प्रकार, पण जिवंत माणसाला हात चालवत राहावे लागतात. रंगाचा चुरा त्याने ओंजळीत भरून टोपलीत टाकला आणि बाहेर आला.

गोटीराम टेबलापाशी बोट पुढे करून उभा होता. भामरे सरांनी त्याला सांगितलं होतं, की इथे ही पद्धत आहे.

सावळीरामने स्टूल धरून पोरांना सांगितलं, "मोजून लिहा. जे दिसंल ते लिहा. चुकलं तर चुकू द्या." आवाज बारीक झाला होता. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं असेल.

"सावळीराम, तू आराम करायचा सोडून कशाला आलास?" सर म्हणाले. मायेनेच म्हणाले, ते वाईट माणूस नव्हते. "आणि पोरांना गोंधळात पाडू नकोस. दोनला दुसरी बॅच आहे."

साडेबारा वाजले. जर्नलं मिटू लागली. सावळीराम टेबलाटेबलाशी जाऊन आकडे पाहत गेला. सात हजार एकशे. सात हजार तीनशे. सात हजार दोनशे. कपाट खरवडून काय होणार होतं? आकडे केव्हाच वरच्या वर्गाच्या जर्नलांतून खालच्या वर्गात पोचले होते, आणि थोडं वर-खाली करायची शिकवणही सोबत गेली होती.

शेवटच्या टेबलावर एक मुलगी अजून सूक्ष्मदर्शकापाशी होती. तिच्या जर्नलात सात हजार दोनशे लिहिलेलं होतं.

"मोजलंस का नुसतं लिहिलंस?" त्याने विचारलं.

तिने सरांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मोजलं असेल तिने. नसेलही. निरोगी माणसाचं रक्त खरंच तेवढं भरतं.

मग तो स्वतः वाकला. पहिल्या चौकोनात दोन होते. की तीन? काच सरकवली की मोजलेला चौकोन हरवायचा. पंधराव्या चौकोनाशी तो चुकला, पुन्हा पहिल्यापासून लागला, विसाव्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली. घंटा झाली. मुलीने हळूच आपली काच काढून घेतली आणि धुवायच्या ट्रेमध्ये टाकली.

बोटाला कापूस दाबून धरलेला गोटीराम जवळ आला. सावळीरामला काय झालंय ते त्याला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं आजारी आहे एवढं ठाऊक होतं.

"मामा, तुमाला यातलं कळतं म्हणत्यात. माझं रगत बरं हाय ना?"

सावळीरामने टेबलावरच्या बावीस जर्नलांकडे पाहिलं. प्रत्येकावर लाल शाईची खूण होती.

"काय माहीत," तो म्हणाला.