बांधलेली भाकरी

“येतीच आता गाडी!” येरमाळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर पुन्हा ओरडला, आणि माझ्या शेजारच्या म्हातारीने नुकतीच सोडलेली भाकरीची गाठ पुन्हा बांधली. दर वेळी ती लुगडं सावरून, धावायच्या पवित्र्यात उभी राहायची.

“उशीर होऊ दे की रं,” ती त्याला म्हणाली, “पन किती ते सांग. तेवढ्यात भाकर तरी खाईन. सकाळधरनं उपाशी हाय.”

“येतीच, मावशी!”

तेवढ्यात समोरून आलेल्या एका गाडीच्या ड्रायव्हरने कंट्रोलरच्या खिडकीत वाकून त्याला हळूच काही सांगितलं. मी खिडकीलाच टेकले होते, म्हणून ऐकू आलं. कंट्रोलर मात्र पुन्हा “येतीच!” म्हणूनच ओरडला. अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नसे. पण म्हातारी पुन्हा गाठ आवळत होती.

“गाडी घाटात बंद पडलीय,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आजी, तुम्ही निवांत जेवा.”