चिंचेखालून दिसतं तेवढं

ते हेलिकॉप्टर मी पाहिलं होतं. थंडीचे दिवस होते. वडप्याच्या गोदामांवर धुकं साचलेलं, आणि ते हायवे धरून नाशिकच्या बाजूला गेलं, वळलं, परत आलं, पुन्हा वळलं. नांगरताना बैल वळतात तसं, घाई नसल्यासारखं. आमच्या गोदामाच्या वॉचमनला वाटलं मंत्री आला. मी ओटीवर चहा पीत बसलो होतो. ते वरून लेझरचे किरण सोडत होतं आणि त्यातले काही माझ्या अंगावरही पडले असतील, हे मला पुष्कळ महिन्यांनी कळलं.

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा थोरल्या भावाला गेला, मागचा मला. दोन्हींच्या मधे चिंच, तीही त्याच्या हद्दीत. मी त्या वेळी कामतघरला लूमचे बीम, सूत गुंडाळलेले मोठे रूळ, वाहणारा टेम्पो चालवायचो. भाऊ चार माणसांसमोर हसत म्हणाला, "मागं काय वाईट हाय? धूळ न्हाय, आवाज न्हाय. फक्त तुला कोनी बघनार न्हाय."

लोक हसले. मी हसलो नाही. पुढे त्याच मागच्या तुकड्यावर मी तीन गोदामं उभी केली, एकेका विटेसाठी भांडून. आणि रस्त्याच्या दिशेला तोंड करून एक भला मोठा लोखंडी बोर्ड उभारला, जाहिरातीसाठी भाड्याने द्यायला. खरं सांगायचं तर भाड्यासाठी कमी, त्या वाक्यासाठी जास्त. पण बोर्डाच्या आड चिंच येत होती. ती काप म्हणून सांगायला गेलो तर भाऊ म्हणाला, "चिंच कापनार न्हाय. तुजा बोर्ड हलव." मी त्याच्या ओटीवरचा तांब्या लाथाडला आणि निघून आलो. त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. माझं चांगलं त्याला बघवत नाही, असं मी भेटेल त्याला सांगत होतो.

मग मुंबईच्या एका जाहिरात कंपनीला माझ्या बोर्डात रस आला. पण त्यांचा माणूस म्हणाला, आम्ही आता नजरेने जागा घेत नाही, कॉम्प्युटरवर बघून घेतो. हेलिकॉप्टरमधून केलेली हायवेची ती मोजणी ज्यांच्याकडे होती त्यांनी कामतघरला कामापुरतं ऑफिस थाटलं होतं, एका लूमच्या कारखान्याच्या वर. तिथे मला बोलावलं. दुपारची वेळ. खालच्या लूमच्या ठोक्यांनी टेबलावरच्या ग्लासातलं पाणी सारखं थरथरत होतं. ठाण्याची एक इंजिनीअर मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

अंधारात माझं गाव तरंगत होतं. सगळं ठिपक्यांचं. गोदामांची छपरं, विजेचे खांब, उभे ट्रक, माझ्या घराची पाण्याची टाकी, सगळं धुक्याने विणल्यासारखं. फुंकर मारली तर उडून जाईल असं. ती म्हणाली, वरून किरण सोडला की जिथे आपटतो तिथून परत येतो, आणि एक ठिपका पडतो. असे मोजता येणार नाहीत इतके. मी किती वेळ नुसता बघत राहिलो. ज्या गावात मी फूट-फूट जागेसाठी गळे धरले, ते गाव इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. आमची चिंच तर ढगासारखी होती. जमिनीवर उतरलेला एक ढग.

"काका, आता तुमचा बोर्ड," ती म्हणाली. "जिथून दिसतो तो रस्ता हिरवा होईल, नाही दिसत तो लाल."

सगळा रस्ता लाल झाला.

"चिंच," मी म्हणालो.

तिने एक बटण दाबलं आणि चिंच नाहीशी झाली. वडिलांच्याही आधीची चिंच, एका बोटाने. रस्ता हिरवागार. मी टेबलावर थाप मारली, पाणी सांडलं. "बघ! सहा वर्षं मी हेच ओरडतोय. याचा कागद काढून दे मला." तो कागद भावाच्या तोंडावर मारायचा, एवढंच डोक्यात होतं.

प्रिंटर गरम होईपर्यंत ती उगाच खेळत बसली. चिंच परत आणली. माझी ओटी दाखवली. "तुमच्या घरातून काय काय दिसतं बघा." गोदामं हिरवी झाली, मागचा डोंगर हिरवा झाला. समोर, चिंचेच्या पलीकडची भावाची ओटी लाल.

"चूक आहे हे," मी म्हणालो.

"काय चूक?"

"ती ओटी दिसते."

"नाही दिसणार काका, मधे झाड आहे."

"अगं, झाडाखालून दिसते! रोज दिसते! सकाळी पाय दिसतात त्याचे!"

तिने हळूच विचारलं, "कोणाचे?"

मी सांडलेलं पाणी रुमालाने पुसायला लागलो. बाजारात अशी चूक मी आयुष्यात केली नव्हती, मनातला आकडा असा तोंडाने फुटू दिला नव्हता. ती बिचारी खाली बघून म्हणाली, "वरून मोजलंय ना, म्हणून झाड जमिनीपर्यंत भरीव धरलंय. झाडाखालचं यात नाही."

मी सावरलो आणि धंद्यावर आलो. "मग रस्त्याचंही चूकच की. रिक्षावाला खाली बसतो. त्याला चिंचेखालून बोर्डाचा खालचा पट्टा दिसतो. नाव नाही दिसलं तरी फोन नंबर दिसतो!" ती हसली. म्हणाली, तसं लिहून देते, पण जाहिरात कंपनीने मानायला हवं.

संध्याकाळी मी कागदाची गुंडाळी घेऊन, फांद्या सारत, चिंचेखालून चालत गेलो. इतक्या वर्षांनी. वाळलेला पाला पायाखाली पिठासारखा मऊ होता. भाऊ ओटीवर होता. म्हातारा दिसत होता. पायांवरून मला ते कळलं नव्हतं. मी कागद पसरला.

"दादूस, हे वरून काढलंय. लेझरनं."

त्याने चष्मा लावला. "मी कुठं हाय?"

"ही तुजी ओटी. ही माजी."

"आनि मधे हे लाल?"

"त्यांचं म्हननं, हितून आपल्याला एकमेकांचं काय दिसत न्हाय."

त्याने लाल भागावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "येडे हायेत. डावी चप्पल घासत चालतोस अजून. रोज बघतो. नवी घे, एवढा शेट झालास."

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. ओटीवरचा तांब्या तोच होता, माझ्या लाथेने पोचा पडलेला. चिंच काप म्हणायला आलो होतो. तोंडातून निघालं, "खालच्या फांद्या तेवढ्या काढ."

"किती?"

"डोक्याच्या उंचीपर्यंत."

"गुडघ्यापर्यंत. चिंचा तिथंच लागतात."

"मग मी काय तुजे गुडघे बघू? खांद्यापर्यंत कर."

"कमरेपर्यंत. वर एक फांदी न्हाय."

मी उठल्यासारखं केलं. त्याने हाताला धरून बसवलं. शेवटी छातीच्या उंचीवर सौदा ठरला.

जाहिरात कंपनीने मोठा बोर्ड घेतलाच नाही. रिक्षावाल्यांच्या नजरेला येईल एवढी खाली एक लांबट पट्टी घेतली, पडेल भावात. असो. सकाळी धुकं असलं की चिंचेखाली सगळं पुन्हा ठिपक्यांचं होतं, आणि त्यातून भाऊ हळूहळू उमटतो, पाय, लुंगी, हातातली बशी, छातीपर्यंत. त्याच्यावर फांद्या. चेहरा तेवढा त्याने सौद्यात राखून ठेवला. तो बघायचा तर मला उठून चालत जावं लागतं, आणि हे त्याने मुद्दाम केलं, याबद्दल मला आजही शंका नाही.