तिसरं कडवं

आमच्या चर्चच्या गायनमंडळात आता चार बायकाच उरल्यात. परवाच्या रविवारी त्या एक जुनं गीत गात होत्या. त्यातल्या तिसऱ्या कडव्याला बायकांनी थांबायचं आणि पुरुषांनी खालच्या सुरात गायचं, ही आमच्याकडची रीत. पण पुरुष एकेक करून गेले, कुणी पुण्याला, कुणी कबरस्तानात. शेवटचा आवाज माझ्या पप्पांचा होता.

तिसरं कडवं आलं. बायका थांबल्या आणि नुसती पेटी वाजत राहिली.

प्रार्थनेवरचा माझा विश्वास केव्हाच उडालाय, तरी या गीतांसाठी मी येते. एकटीनं गुणगुणली तर ती साधीच वाटतात. पण वरचे-खालचे सूर एकमेकांना टेकून उभे राहिले की आतून भरून येतं. खालचा सूर गेला की वरचे नुसते कलतात.

उपासना संपल्यावर पेटी वाजवणाऱ्या शांतामावशींना मी म्हटलं, “मावशी, ते कडवं आता तुम्हीच गा की.”

“ते आमचं नाही गं,” पेटीचा भाता लावत त्या म्हणाल्या. “आणि रिकामं ठेवलं की तुझे पप्पा ऐकू येतात मला.”

मला येत नाहीत. शब्द आठवतात, चाल आठवते, आवाज तेवढा गेला. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मावशींनंतर पेटीवर कुणी नवं बसेल. रिकामं कडवं कशाला वाजवायचं, म्हणून ते गाळून टाकेल. गीत थोडं लवकर संपेल, आणि आम्ही वेळेवर घरी जाऊ.